हलक्या वजनगटात ग्रीको-रोमन कुस्तीची कारकीर्द कशी घडवावी

ग्रीको-रोमन कुस्ती शिकायला आलेल्या किडकिडीत मुलाला अनेकदा पहिल्याच आठवड्यात वजनकाट्यावर उभे केले जाते आणि ‘तुझा गट हा’ असे सांगून टाकले जाते. कारकिर्दीतली पहिली चूक बहुधा तिथेच होते. वजनगट हा एकदाच घ्यायचा निर्णय नव्हे. चांगल्या कुस्तीगिराला तो तीन-चार वेळा नव्याने घ्यावा लागतो आणि हलक्या गटातल्या मल्लाची कारकीर्द तो निर्णय केव्हा आणि कसा घेतला जातो यावर मोठ्या प्रमाणात ठरते. डाव, ताकद आणि दम यांविषयीही पुढे लिहिले आहे. परंतु या तिन्हींची तयारी वजनाच्या निर्णयाशी बांधलेली असते, म्हणून मार्गदर्शनाचा मोठा भाग मी त्यालाच दिला आहे.

२०१८ पासून लागू झालेल्या रचनेत वरिष्ठ पुरुषांच्या ग्रीको-रोमनमध्ये ५५, ६०, ६३, ६७, ७२, ७७, ८२, ८७, ९७ आणि १३० किलो असे दहा गट आहेत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र त्यांपैकी सहाच गट होते : ६०, ६७, ७७, ८७, ९७ आणि १३०. या लेखात ‘हलका गट’ म्हणताना ५५ ते ६७ किलोपर्यंतचे गट अभिप्रेत आहेत. ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती केवळ फ्रीस्टाइल प्रकारात होते, त्यामुळे येथील स्पर्धांचे तपशील पुरुषांच्या गटांचे आहेत.

नियम हाच पहिला गुरू

या शैलीत कंबरेखाली पकड घेता येत नाही आणि हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी पायाचा वापर करता येत नाही. म्हणजे पट काढणे नाही, टांग नाही, पायाला हात घालून केलेला कलाजंग नाही. फ्रीस्टाइलमधून येणाऱ्या चपळ मुलाला सुरुवातीला वाटते की आपली निम्मी शस्त्रे काढून घेतली. प्रत्यक्षात त्याच्याकडून अंतर काढून घेतलेले असते. फ्रीस्टाइलमध्ये हलक्या वजनाचा मल्ल लांब उभा राहून, हुलकावणी देऊन, क्षणात पायांत शिरू शकतो. ग्रीको-रोमनमध्ये छातीला छाती भिडवल्याशिवाय जवळजवळ काहीच मिळत नाही. चपळाई येथेही लागते, पण ती पायांनी दूर पळण्याची नसून हातांनी आत शिरण्याची असते.

कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती मिळते. खाली आणून ताबा मिळवल्यास २ गुण, पार्तेरमध्ये, म्हणजे मॅटवर पालथ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर वरून हल्ला करताना, त्याची पाठ मॅटकडे फिरवल्यास २, उभ्या स्थितीतून फेकून थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ मॅटकडे झालेल्या स्थितीत, आणल्यास ४, उंच कमानीतून केलेल्या फेकीस ५, आणि प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकलल्यास १ गुण मिळतो. ८ गुणांची आघाडी होताच तांत्रिक गुणाधिक्याने कुस्ती संपते. फ्रीस्टाइलमध्ये हाच आकडा १० आहे. गुण समान राहिल्यास आधी अधिक मोलाचा डाव कोणाचा, मग ताकिदी कोणाला कमी, आणि शेवटी अखेरचा गुण कोणाचा, असे पाहिले जाते. हा क्रम पाठ असावा, कारण शेवटच्या ३० सेकंदांत धोका पत्करायचा की नाही हे त्यावरूनच ठरवायचे असते. तीन ताकिदी झाल्यास कुस्तीगीर बाद होतो. नियमांत दर काही वर्षांनी बदल होतात. म्हणून प्रत्येक हंगामाच्या आरंभी प्रशिक्षकाने आणि मल्लाने नवी नियमपुस्तिका एकत्र बसून वाचावी. कंटाळवाणे वाटणारे हे काम मला एका महिन्याच्या सरावाइतके मोलाचे वाटते.

निष्क्रियतेचा नियम या शैलीच्या गाभ्याशी आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड आसिकाइनेन यांची मध्यम गटातील लढत अकरा तासांहून अधिक चालली, आणि जिंकलेला क्लाइन इतका थकला की अंतिम कुस्तीस उतरूच शकला नाही. पायांवर हल्ला करता येत नसल्याने दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांना अडवत कितीही वेळ उभे राहू शकतात. आज पंच निष्क्रिय मल्लाविरुद्ध प्रतिस्पर्ध्याला १ गुण आणि त्याबरोबर पार्तेरची, म्हणजे त्याला मॅटवर पालथे ठेवून वरून हल्ला करण्याची, संधी देतात. हलक्या गटात कितीतरी लढतींचा निकाल या एका संधीवर लागतो.

शरीराचा पाया

पहिली दोन वर्षे मान, पाठ आणि पकड यांची असतात. मानेवर आणि पायांवर शरीराची कमान धरण्याच्या व्यायामाला ब्रिज म्हणतात. तो आधी हातांच्या आधाराने, मग हात छातीवर घेऊन, मग पुढे-मागे झुलत, आणि सर्वांत शेवटी वर साथीदाराचे वजन घेऊन करावा. घाई केल्यास मानेच्या मणक्यांना इजा होते आणि ती इजा आयुष्यभर सोबत राहते. वाढत्या वयातील मुलाच्या ब्रिजवर भार टाकण्याची घाई कोणीही करू नये.

हलक्या गटातील मल्लाला ताकद कमी लागते, हा समज चुकीचा आहे. त्याला स्वतःच्या वजनाच्या तुलनेत अधिक ताकद लागते. ६० किलोच्या गटात मॅटला चिकटून पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला उचलायचे म्हणजे जवळजवळ आपल्याच वजनाचा, आणि शिवाय प्रतिकार करणारा, भार जमिनीवरून वर घ्यायचा असतो. म्हणून दोर चढणे, बारवर अंग उचलणे, जमिनीवरून भार उचलणे, साथीदाराला मिठीत उचलून चालणे आणि माणसाच्या आकाराचा सरावाचा पुतळा फेकणे हे व्यायाम आठवड्याच्या वेळापत्रकात कायम असावेत. पुतळा स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश ते अर्ध्या वजनाचा असला म्हणजे फेकीचे तंत्र बिघडत नाही. स्नायूंचा आकार वाढवणाऱ्या मध्यम भाराच्या खूप आवर्तनांपेक्षा जास्त भाराची कमी आवर्तने करावीत. त्याने ताकद वाढते आणि वजन फारसे वाढत नाही.

दमाविषयी एवढे पुरे की सहा मिनिटांची कुस्ती लांब धावण्याने जिंकता येत नाही. आठवड्यातून एक-दोनदा संथ लांब धावणे हृदयासाठी चांगले. पण खरी तयारी मॅटवर, ताजा साथीदार दर मिनिटाला बदलत सहा मिनिटे लढण्याने होते.

उभ्या लढतीत हातांची लढाई

उभ्या लढतीत पहिला प्रश्न एकच असतो : कोणाचा हात कोणाच्या काखेतून आत गेला आहे? ज्याचा हात आतून वर आला, त्याच्या ताब्यात प्रतिस्पर्ध्याचा खांदा येतो आणि खांद्याबरोबर त्याची दिशा येते. त्यामुळे सरावाची पहिली १५ मिनिटे केवळ आत हात घालणे, तो काढून टाकणे आणि पुन्हा घालणे यांसाठी ठेवावीत. दोन्ही हातांनी प्रतिस्पर्ध्याचा एक हात धरून त्याला वर्तुळाच्या कडेकडे नेणे, त्याचा हात ओढून पाठीकडे जाणे, आणि त्याच्या उचललेल्या कोपराखालून डोके काढून बगलडूब मारणे, हे तीन मार्ग हलक्या मल्लाचे रोजचे हत्यार असावेत. कडेवर मिळालेला एक गुण छोटा वाटतो. पण प्रतिस्पर्धी कड वाचवण्यासाठी जोराने पुढे रेटतो, आणि त्याच क्षणी ढाक किंवा हात धरून खांद्यावरून फेक बसते. फेक ही बहुधा समोरच्याच्या रेट्यावरच उभी असते.

सुप्लेक्स या शैलीतला सर्वांत देखणा डाव. मिठी घट्ट करून आपली कंबर प्रतिस्पर्ध्याच्या कंबरेखाली न्यायची, पोटाला पोट भिडवायचे, पायांनी जमीन ढकलत वर उठायचे आणि नजर मागे टाकत कमान घ्यायची. नवशिका नेमका उलट करतो : कंबर मागे ठेवून हातांनी ओढतो आणि स्वतःच पाठीवर पडतो. जपानचा केनिचिरो फुमिता हा लवचिक कमानीतून केलेल्या फेकींसाठी ओळखला जातो. त्याने २०१७ मध्ये ५९ किलो आणि २०१९ मध्ये ६० किलो गटात जागतिक अजिंक्यपद मिळवले, टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्य आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे सुवर्णपदक जिंकले. त्याच्या कुस्त्या पाहताना फेकीपेक्षा फेकीआधीची पाच सेकंदे पाहावीत. हातांची जागा आणि पायांचे अंतर तेथेच ठरलेले असते.

पार्तेर : जिथे कुस्त्या जिंकल्या आणि हरल्या जातात

वरच्या मल्लाचे मुख्य शस्त्र भारंदाज. प्रतिस्पर्ध्याच्या बरगड्यांखाली हात गुंफून, छाती त्याच्या पाठीवर दाबून, आपली कंबर त्याच्या खाली सरकवत ब्रिजवरून त्याला फिरवायचे. एका फिरकीचे २ गुण. निष्क्रियतेचा एक गुण आणि लागोपाठ चार फिरक्या म्हणजे ९ गुण, आणि कुस्ती अर्ध्या मिनिटात संपलेली असते. हलक्या गटात शरीरे लहान व वेग अधिक असल्याने दुसरी फिरकी पहिलीच्या ओघातच येते, म्हणून सरावात एकटी फिरकी कधीच करू नये. नेहमी तीनच्या मालिकेत करावी. मिठी सुटली तर लगेच उलट्या उचलीकडे वळता आले पाहिजे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायांकडे तोंड करून त्याच्या कंबरेला मिठी घालायची आणि त्याला उचलून फेकायचे. ज्याच्याकडे फक्त भारंदाज आहे त्याला अडवणे सोपे. ज्याच्याकडे भारंदाज आणि उचल दोन्ही आहेत त्याला अडवणाऱ्याची कंबर एका धोक्यातून दुसऱ्यात सापडते.

बचावाला आपल्याकडील बहुतेक सरावांत फार थोडा वेळ दिला जातो, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. खालच्या मल्लाचे काम मिठी बंद होण्याआधीच सुरू होते. पोट आणि कंबर मॅटला चिकटवून ठेवायची, कोपरे अंगालगत घेऊन गुंफणाऱ्या हातांना जागाच द्यायची नाही, आणि मिठी बसलीच तर ज्या बाजूला तो फिरवू पाहतो त्या बाजूचा हात पसरून तीच कंबर खाली दाबायची. पायांनी अडवण्याचा मोह होतो, पण त्याने ताकीद मिळते आणि प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतात. रोजच्या सरावात ३० सेकंदांचे दहा पार्तेर वरून आणि दहा खालून करावेत. खालचे दहा नेहमी थकल्यावर करावेत, कारण स्पर्धेतही ते थकल्यावरच वाट्याला येतात.

वजनगट निवडण्याची शिडी

आता मूळ मुद्द्याकडे. वजनगटांची रचना कुस्तीगिराच्या हातात नसते आणि ती बदलत राहते. १९७२ ते १९९६ या काळात ऑलिंपिकमध्ये ४८ किलोचा गट होता. नंतर तो गेला. दक्षिण कोरियाचा सिम क्वॉन-हो १९९६ मध्ये अटलांटा येथे त्या गटात सुवर्णविजेता ठरला होता. गट नाहीसा झाल्यावर तो ५४ किलोत गेला आणि २००० मध्ये सिडनी येथे पुन्हा सुवर्णपदक घेऊन आला. सहा किलोंचे हे अंतर ५० किलोच्या आसपासच्या शरीराला अवाढव्य असते, आणि ते पोट भरून खाल्ल्याने भरून निघत नाही. नव्या गटातील मोठ्या हाडांच्या मल्लांविरुद्ध पकड, उचल आणि अंतर यांची मांडणी नव्याने करावी लागते.

उलट बाजूचे उदाहरण इराणच्या हमीद सुरियानचे. ५५ किलो गटात तो पाच वेळा जगज्जेता झाला आणि २०१२ मध्ये लंडनला त्याने ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. त्यानंतर ऑलिंपिकमधून ५५ किलो गट वगळला गेला. २०१४ मध्ये ५९ किलोत त्याने सहावे जागतिक विजेतेपद मिळवले खरे, पण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो पदकापर्यंत पोहोचू शकला नाही. एवढ्या श्रेष्ठ मल्लालाही वरच्या गटात टिकून राहणे किती कठीण असते हे यातून दिसते.

आर्मेन नाझारियनचा प्रवास मला सर्वांत अभ्यासण्याजोगा वाटतो. त्याने १९९६ मध्ये आर्मेनियासाठी ५२ किलोत आणि २००० मध्ये बल्गेरियासाठी ५८ किलोत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, तर २००४ मध्ये अथेन्सला ६० किलोत कांस्य मिळवले. ६० किलोत तो २००२, २००३ आणि २००५ मध्ये जगज्जेताही झाला. शरीर भरत गेले तसा तो वर सरकला. क्यूबाचा इस्माएल बोर्रेरो रिओत ५९ किलोचा विजेता होता आणि २०१९ मध्ये ६७ किलोत जगज्जेता झाला. त्याचाच देशबांधव लुइस ओर्ता टोकियोत ६० किलोत सुवर्णविजेता ठरला आणि २०२३ मध्ये ६७ किलोत जगज्जेता झाला.

गट ठरवताना आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते : एका देशाचा एका गटात एकच मल्ल ऑलिंपिकला जातो. जपानचा शिनोबू ओता रिओत ५९ किलोचा रौप्यपदक विजेता होता. पण ६० किलोत फुमिता असल्याने २०१९ मध्ये ओता ६३ किलोत उतरला आणि जगज्जेता झाला. ६३ किलो ऑलिंपिकमध्ये नसल्यामुळे त्या विजेतेपदाने टोकियोचे दार मात्र उघडले नाही. आपल्याच देशात, आपल्याच गटात कोण आहे आणि तो किती वर्षे राहील, हा हिशेब करणे यात स्वार्थीपणा काही नाही.

तर निर्णय कसा घ्यावा? उंची, हाडांची रुंदी, आई-वडिलांची शरीरयष्टी आणि वाढीचा टप्पा पाहावा. १८ वर्षांपर्यंत मुलगा ज्या वजनात नैसर्गिकपणे आहे, त्याच्या लगतच्या वरच्या गटात खेळवावा. वाढ थांबल्यावर हंगामाबाहेरील निरोगी वजन पाहावे. ते इच्छित गटाच्या मर्यादेपेक्षा ५ ते ६ टक्क्यांहून अधिक असेल तर गट चुकला आहे असे समजावे. ६० किलोच्या गटासाठी हा आकडा सुमारे ६३.५ किलो येतो. ६६ किलोच्या मल्लाने वर्षातून पाच वेळा ६० वर उतरणे म्हणजे वर्षातले पाच महिने केवळ तहान सहन करण्यात घालवणे होय. त्याला ६७ मध्ये पहिले वर्ष पराभवाचे जाईल, परंतु पुढची पाच वर्षे शिकण्यासाठी मिळतील.

वजन उतरवणे

१९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. गरम जागेत, घाम काढणारे कपडे घालून, पाणी न पिता ते व्यायाम करत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाख आणि गरम खोल्यांवर बंदी आली व वजन घेण्याची वेळ लढतीच्या जवळ आणली गेली. त्यांपैकी कोणाचीही शैली ग्रीको-रोमन नव्हती, पण शरीराला शैलीचा फरक कळत नाही.

म्हणून नियम सरळ ठेवावा. आठवड्याला शरीरवजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट नको. ६३ किलोच्या मल्लासाठी हे सुमारे ९४५ ग्रॅम होतात. म्हणजे तीन किलो उतरवायचे असल्यास चार आठवडे आधी सुरुवात करावी. प्रथिने शरीराच्या प्रत्येक किलोमागे दररोज १.६ ते २.२ ग्रॅम ठेवावीत, कारण कमी खाताना स्नायू जाऊ लागतात. शरीरातील चरबी ५ टक्क्यांच्या खाली नेऊ नये. वाढत्या मुलांत ७ टक्के ही मर्यादा मानावी. शेवटच्या दोन-तीन दिवसांत चोथा आणि मीठ कमी केल्यास काही शे ग्रॅम सहज उतरतात, आणि रात्रभरात श्वास, घाम व लघवी यांतून साधारण अर्धा किलो ते एक किलो आपोआप जातो. तो किती जातो हे प्रत्येकाने सरावाच्या काळातच, झोपण्यापूर्वी व उठल्यावर वजन करून, वहीत लिहून ठेवावे. स्पर्धेच्या आदल्या रात्री शांत झोप लागणे बरेचसे या वहीवर अवलंबून असते. शरीरवजनाच्या २ टक्क्यांइतके पाणी कमी झाले तरी दमावर परिणाम दिसू लागतो, आणि १७ वर्षांखालील मुलाला पाणी तोडायला लावणे कोणत्याही पदकाने समर्थनीय ठरत नाही.

स्पर्धेचे दोन दिवस

प्रत्येक गटाची स्पर्धा आता दोन दिवस चालते, आणि वजन दोन्ही सकाळी घेतले जाते. पहिल्या सकाळी सर्वांचे, दुसऱ्या सकाळी अंतिम फेरीत गेलेल्यांचे आणि रेपेचाज, म्हणजे हरलेल्यांसाठीच्या कांस्यपदकाच्या फेऱ्या, खेळणाऱ्यांचे. काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २ किलोची सवलत मिळते; जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिकमध्ये ती नसते. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये महिलांच्या ५० किलो फ्रीस्टाइल गटात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेलेल्या विनेश फोगाट हिचे वजन दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. शैली निराळी असली तरी दुसऱ्या सकाळचा काटा ग्रीको-रोमनमध्येही तोच असतो.

यावरून दोन व्यवहार्य गोष्टी निघतात. पहिली : पहिल्या दिवशीचे खाणेपिणे आधीच तोलून, वेळेसह लिहून ठेवावे. उतरवलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीड लिटर द्रव, मिठासह आणि थोडे थोडे, घ्यावे लागते. परंतु ते घेताना संध्याकाळी वजन किती भरेल याचा अंदाज असावा. दुसरी : पहिलीच कुस्ती हरल्यावर सामान आवरू नये. अंतिम फेरीत पोहोचणाऱ्या मल्लाकडून जे हरलेले असतात त्यांना रेपेचाजमध्ये कांस्यपदकाची संधी मिळते, आणि तो प्रतिस्पर्धी उपांत्य फेरी जिंकतो की नाही हे संध्याकाळीच कळते. तोवर निराशेच्या भरात मनसोक्त खाल्ले-प्यायले, तर दुसऱ्या सकाळी पदक काट्यावरच हातचे जाते. प्रशिक्षकाने हरलेल्या मल्लाजवळ त्या वेळी बसून राहावे. त्याला समजावण्याची गरज नसते, केवळ पाण्याच्या बाटलीवर लक्ष ठेवायचे असते.

वय आणि टप्पे

आंतरराष्ट्रीय पातळीवर १७ वर्षांखालील, २० वर्षांखालील, २३ वर्षांखालील आणि वरिष्ठ असे गट आहेत. २३ वर्षांखालील गटाचे महत्त्व पुष्कळांना कळत नाही. २० वर्षांखालील विजेता थेट वरिष्ठांत जाऊन दोन वर्षे सतत हरला की त्याचे मन खचते. मधली ही पायरी त्यासाठीच आहे. ऑलिंपिकचा मार्गही आधीच समजून घ्यावा. पॅरिससाठी प्रत्येक गटात १६ जागा होत्या : २०२३ च्या जागतिक अजिंक्यपदातून ५, चार खंडीय पात्रता स्पर्धांतून प्रत्येकी २, आणि अखेरच्या जागतिक पात्रता स्पर्धेतून ३. म्हणजे गट बदलायचा असेल तर तो ऑलिंपिकच्या वर्षी नव्हे, त्याच्या दोन वर्षे आधी बदलावा. त्यामुळे जागतिक अजिंक्यपदापर्यंत नवे वजन अंगवळणी पडते.

औषधे, त्वचा आणि कान

वजन लवकर उतरावे म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे मल्ल हलक्या गटात सापडतात. ही औषधे जागतिक उत्तेजकविरोधी यादीत सर्वकाळ बंदी असलेली आहेत, आणि रुग्णालयातील उपचार वगळता बारा तासांत १०० मिलिलिटरहून अधिक सलाइन शिरेतून घेण्यासही मनाई आहे. वजन झाल्यावर ‘एक बाटली लावून घे’ असा सल्ला देणारा माणूस कितीही जवळचा असला तरी त्याला नकार द्यावा. चाचणीसाठी ठावठिकाणा कळवण्याच्या यादीत नाव आल्यास बारा महिन्यांत तीन चुका हाही नियमभंग ठरतो, म्हणून ते काम प्रशिक्षकावर न सोपवता स्वतः करावे.

त्वचेवर बुरशी, नागीण किंवा पू होणारे फोड दिसल्यास सराव थांबवावा, कारण या शैलीत गाल, मान आणि छाती सतत दुसऱ्याच्या अंगाला घासते आणि एका मल्लामुळे सगळा संघ आजारी पडतो. सराव संपताच अंघोळ, रोज धुतलेले कपडे आणि दररोज जंतुनाशकाने पुसलेली मॅट एवढ्याने बराच त्रास टळतो. कानावर सूज आली की त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. आत साचलेले रक्त वेळीच काढले नाही तर कान कायमचा वेडावाकडा होतो. डोक्यावर आपटल्यावर गरगरले किंवा उलटी झाली तर त्या दिवशी आणि डॉक्टर सांगेपर्यंत मॅटवर पाय ठेवू नये.

शेवटची वर्षे

क्यूबाचा मिहाइन लोपेझ १३० किलो गटात २०२४ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी पाचवे ऑलिंपिक सुवर्ण जिंकून मॅटच्या मध्यभागी बूट ठेवून निवृत्त झाला. हलक्या गटातील मल्लाने त्याच्या वयाशी स्वतःची तुलना करू नये. त्या वजनाच्या मल्लाला सहसा रोज वजन उतरवावे लागत नाही आणि हलक्या गटात वेगाचा घसरता काळ लवकर उघडा पडतो. विसाव्या वर्षापासून शिक्षण, पंचपरीक्षा किंवा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम यांपैकी काहीतरी सुरू ठेवावे. पार्तेरचा बचाव मुलांना शिकवू शकणारे प्रशिक्षक फार कमी आहेत.

निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष शरीरासाठी विशेष जोखमीचे असते. वर्षानुवर्षे तहान आणि भूक दाबून जगलेला माणूस अचानक मोकळा होतो, सराव थांबतो आणि पूर्वीच्या भुकेने खाणे चालू राहते, त्यामुळे काही महिन्यांत १५ किलो वाढलेले मल्ल दिसतात. म्हणून शेवटच्या स्पर्धेनंतरही तीच वही चालू ठेवावी, दर आठवड्याला एकदा सकाळी वजन लिहावे, आठवड्यातून तीन दिवस मॅटवर जाऊन हलका सराव करावा, आणि पहिल्या सहा महिन्यांत वजन ६७ किलोच्या मल्लाने ७२, ६० किलोच्या मल्लाने ६५ च्या आसपास स्थिर करावे.